बुधवारचं वाचन: कुपवाडच्या आमच्या शॉपमधल्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आजपासून ही वही सुरू. शनिवारी प्लांट हेड साहेबांशी बोलणं झालं, त्यांनी "करा, पण प्रॉडक्शनला हात लागू देऊ नका" एवढंच सांगितलं, म्हणजे होकारच समजायचा. कल्पना साधी आहे, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये वाचन मंडळ सुरू करायचं, दर बुधवारी थोडा वेळ, कामाची पुस्तकं पण आणि कामाबाहेरची पण.

डोक्यात हे कधीपासून आहे ते लिहून ठेवतो. मी पलूसकडचा, लहानपणापासून किर्लोस्करवाडी स्टेशनवरून गाडी धरलेली. कारखाना १९१० सालचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं कारखान्याचं मासिक निघालं, पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' झालं, मग १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर', आणि ते घराघरात वाचलं गेलं. नांगर आणि पंप बनवणाऱ्या माळरानावरून महाराष्ट्राला वाचायला मिळालं. मला याचं फार अप्रूप आहे. आपल्याच जिल्ह्यात हे झालंय तर आपल्या शेडमध्ये आठवड्यातून अर्धा तास का होऊ नये.

१२ जून

नोटीस बोर्डवर कागद लावला, नावं द्या म्हणून. संध्याकाळपर्यंत २३ नावं. ऑफिसमधली ९, क्वालिटीतली ५, बाकी शॉपमधली. असेंब्लीतल्या एकाही ताईचं नाव नाही. विचारायला पाहिजे.

१९ जून

विचारलं. त्या म्हणाल्या तुम्ही वेळ साडेतीनची लिहिलीय, साडेतीनला आमची शिफ्ट सुटते आणि पावणेचारची बस चुकली की पुढची सव्वापाचला, घरी जाऊन सैपाक कोण करणार. बरोबर आहे. मी ऑफिसच्या घड्याळाने वेळ ठरवली होती. शिफ्टमध्येच वेळ काढावा लागणार.

पुस्तकांचं बघितलं. वर्गणी महिना २० रुपये ठेवली, ४६० जमले. त्यात नवीन पुस्तक एक, फार तर दोन. म्हणून पहिल्या महिन्यासाठी एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आणल्या, दोन विकत, तीन इकडून तिकडून मागून. एका इंजिनिअरने लिहिलेलं आत्मचरित्र आहे, मला आवडलेलं.

३ जुलै, बुधवार

पहिली मीटिंग. कॉन्फरन्स रूम. वेळ बदलली होती तरी २३ पैकी ११ जण आले आणि पुस्तक पूर्ण वाचून आलेले चार. चौघंही ऑफिसचे. अर्धा तास त्या चौघांनीच चर्चा केली, मॅनेजर साहेब छान बोलले, खरंच छान बोलले, पण ते बोलले की बाकीच्यांनी मान हलवायची एवढंच राहिलं. टर्निंग सेक्शनचे मामा शेवटच्या खुर्चीवर बसून होते, हाताला ऑइल म्हणून खुर्चीच्या कापडाला हात न लावता. त्यांना विचारलं तुम्हाला काय वाटलं, तर म्हणाले "चांगलं हाय की." आणि गप्प.

मी घरी येऊन बराच वेळ विचार करत बसलो. ज्या माणसाला कानाने मशीनचं बेअरिंग गेलेलं कळतं त्याला बोलायला काही नाही असं होणारच नाही, मग जागा चुकली का रीत चुकली.

१० जुलै

आज सात जण. उतरती कळा.

एकाने ग्रुपवर एका नवीन पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ टाकली, चांगल्या मनानेच टाकली, पण मी त्याला फोन करून काढायला लावली. लेखकाची आणि प्रकाशकाची मेहनत असते, मराठीत आवृत्ती खपायला वर्षं जातात, आणि आपण फुकट वाचून वर वाचनसंस्कृती वाढवतोय म्हणायचं हे मला पटत नाही. थोडी नाराजी झाली. असू दे. जुनी घेऊ, लायब्ररीतून आणू, मागून आणू, पण असं नको.

२४ जुलै, बुधवार

गेल्या बुधवारी आषाढी होती, मीटिंग नाही घेतली. आज कॅन्टीनमध्ये मामांच्या शेजारी जेवायला बसलो आणि सरळ विचारलं, मामा, काय चुकतंय?

ते म्हणाले, "साहेब, दहावीनंतर मी पुस्तक धरलं न्हाय. पेपर वाचतो, पोथी वाचतो. घरी गेलं की म्हसरं, वैरण, पोरांचा अभ्यास. तुमी म्हणता वाचून या. कवा वाचायचं?" आणि मग थोडं थांबून, "श्रावण आला. आमच्या गावात पोथी लागंल. एकजण वाचतो, एकजण अर्थ सांगतो, बाकीची ऐकत्यात. घरनं कोण वाचून येत न्हाय. तशी वाचा की."

मी जेवायचाच थांबलो. लहानपणापासून देवळात हे बघितलंय, आजी मला मांडीवर घेऊन बसायची, वाचणाऱ्याच्या समोर समई, ओवी झाली की अर्थ, आणि अर्थ सांगणाऱ्याला मधेच कुणीतरी विचारायचं, आणि त्यावरच अर्धा तास जायचा. अक्षरओळख नसलेली माणसं त्या पोथीवर हक्काने बोलायची. ही रीत मला माहीत होती आणि मी कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लावत बसलो होतो.

ठरलं. घरनं वाचून यायचं नाही. कॅन्टीनमध्ये, बुधवारी, साडेअकराच्या जेवणानंतर वीस मिनिटं. एकाने वाचायचं, एकाने समजावून सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि विचारायचं.

२६ जुलै, शुक्रवार

कृष्णेचं पाणी वाढतंय. सांगलीवाडीची, कर्नाळ रोडची लोकं रजेवर, सामान वरच्या मजल्यावर हलवतायत. २०१९ च्या पुरापासून पाणी वाढलं म्हणलं की सगळ्यांचे चेहरे बदलतात. वाचनाचं कुणाच्याच डोक्यात नाही आणि नसावंच.

स्टोअरच्या ताई मात्र जाताना म्हणाल्या, घरातली पुस्तकं यावेळी पहिली वर ठेवलीत. त्यांची मागच्या पुरात गेली होती. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या वाचनालयांची पुस्तकं चिखलात गेली, ती वाळवायला लोकं मदतीला धावली होती, ते आठवतंय.

१ ऑगस्ट, गुरुवार

पाणी उतरलं. बुधवार सोडून आज मुद्दाम गुरुवारी घेतलं कारण आज अण्णाभाऊ साठे जयंती. वाटेगाव आपल्या वाळवा तालुक्यातलं, जन्म १ ऑगस्ट १९२०. म्हणजे ज्या वर्षी वाडीत कारखान्याचं मासिक निघालं त्याच वर्षी, थोड्याच अंतरावर. शाळा जेमतेम दीड दिवसाची असं सगळीकडे लिहिलेलं आहे, मग बापाबरोबर चालत मुंबई, गिरणीत काम, आणि पुढं लिहिलेलं किती भाषांत गेलं. गिरणीत काम करून शिकलेल्या माणसाचं पहिल्यांदा वाचावं हे मला योग्य वाटलं.

एक कथा घेतली. वाचायला मीच उभा राहिलो. १४ जण होते, ताटं अजून टेबलावरच. पहिली दोन मिनिटं चमच्यांचे आवाज. मग हळूहळू बंद झाले. कॅन्टीनवाला दादा पण पातेलं घासायचा थांबला आणि दाराशी येऊन उभा राहिला. वीस मिनिटात कथा संपली नाही, अर्ध्यावर थांबवली, तर वेल्डिंगचा एकजण म्हणाला "आता काय हुतंय पुढं? न्हाय सांगायचं का?" मी म्हणलं बुधवारी.

दुपारी तीन वेळा तीन वेगळ्या माणसांनी मला मशीनपाशी येऊन विचारलं की पुढं काय होतंय.

७ ऑगस्ट, बुधवार

२६ जण. कथा पूर्ण. या वेळी वाचायला सीएनसीचा ट्रेनी पोरगा, आयटीआय झालेला, घसा चांगला आहे. आणि अर्थ सांगायला मामा! कथेतल्या भागातलीच भाषा ती, दोन शब्द असे आले जे आमच्यातल्या शहरात वाढलेल्यांना कळले नाहीत, मामांनी ते शेतीतलं उदाहरण देऊन सांगितले. त्यावर शिराळ्याच्या एकाने सांगितलं की आमच्याकडं त्यालाच वेगळं म्हणतात. तो परवा नागपंचमीला रजा घेऊन गावी जाणार, शिराळ्याचा माणूस त्या दिवशी कामावर येत नाही हे एचआरला पण माहीत आहे.

नियम आज तोंडीच ठरले, कुणी लिहून दिले नाहीत. साहेब लोकांनी पहिल्यांदा बोलायचं नाही, आधी तिघं शॉपमधले बोलले की मग. वाचणारा अडखळला तर शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात नाही. हा शेवटचा नियम ग्राइंडिंगच्या काकांचा, कारण मागून आणलेल्या एका प्रतीवर कूलंटचे डाग पडले होते आणि त्यांना ते फार लागलं. त्यांनी स्वतः प्लास्टिकची कव्हरं घातली सगळ्या पुस्तकांना आणि कॅन्टीनच्या बेसिनपाशी साबण आणि कॉटन वेस्ट ठेवलं.

९ ऑगस्ट

पुस्तकांचं कपाट. टूलरूममधलं एक जुनं कपाट मिळालं. गंजलेलं होतं, पेंट शॉपच्या पोरांनी जेवणाच्या सुट्टीत निळं करून दिलं.

आता पुस्तक कुणी नेलं याचं रजिस्टर कोण ठेवणार हा प्रश्न. मी एक्सेलची शीट केली होती. स्टोअरच्या ताई म्हणाल्या कशाला, टोकन लावा. टूलरूममधून ड्रिल नाहीतर रीमर न्यायचा तर प्रत्येकाला त्याच्या नंबरची पितळी टोकनं दिलेली असतात, टूल घेतलं की त्या जागी खिळ्याला आपलं टोकन अडकवायचं, परत केलं की टोकन परत. सगळ्यांना येतं. मग तसंच, कपाटात प्रत्येक पुस्तकाच्या जागेखाली एक खिळा. पुस्तक नेलं तर टोकन. कपाट उघडलं की एका नजरेत कळतं कोणतं पुस्तक कुणाकडं आहे. एक्सेल डिलीट.

ताईंनी स्वतःचं एक पुस्तक पण दिलं. पुरात भिजून वाचलेलं. पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी रेघ आहे, पाणी तिथपर्यंत आलं होतं. त्या म्हणाल्या फुगलंय पण सगळी अक्षरं दिसतात. मी ते कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

१४ ऑगस्ट, बुधवार

ही नोंद नीट लिहायची आहे.

आज वाचायची पाळी इन्स्पेक्शनच्या एका ताईंची होती. त्यांनी स्वतःच नाव दिलं होतं. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, गेली सहा वर्षं आमच्याकडं. पहिलं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग एका जोडाक्षराला अडकल्या. कॅन्टीनमध्ये ३० माणसं आणि टाचणी पडली तर आवाज येईल अशी शांतता. मला शब्द तोंडावर आला होता, दाबून धरला. बाकीच्यांनी पण दाबून धरला असणार. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर जोडलं, शब्द काढला, आणि पुढं गेल्या. दोन पानं वाचायला अकरा मिनिटं लागली. शेवटच्या परिच्छेदाला आवाज मोकळा झाला होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. मामांनी नेहमीसारखा अर्थ सांगायला सुरुवात केली. तोच त्यांना दिलेला मान होता असं मला वाटतं.

शिफ्ट सुटताना त्या ते पुस्तक घेऊन गेल्या, खिळ्याला टोकन. मुलगी सातवीत आहे, म्हणाल्या आम्ही दोघी मिळून रात्री वाचू.

२१ ऑगस्ट, बुधवार

प्रॉडक्शनवाल्यांची तक्रार आली. वीस मिनिटांची पंचवीस होतात आणि मशीन उशिरा सुरू होतात. तक्रार खरी आहे. आजपासून कॅन्टीनवाला दादा बरोबर अकरा पंचावन्नला ताटावर चमचा वाजवणार, वाक्य अर्धवट असलं तरी थांबायचं.

प्लांट हेड साहेबांना भेटून दोन गोष्टी सांगितल्या. एक जपानची. आपल्या भिंतीवर दोषांची कारणं मांडायचा, माशाच्या काट्यासारखा जो तक्ता लावलाय तो इशिकावांचा, त्याच माणसाच्या पुढाकाराने १९६२ मध्ये जपानमध्ये फोरमन लोकांसाठी क्वालिटीचं मासिक निघालं. किंमत मुद्दाम कमी, फोरमनला स्वतःच्या खिशातून घेता यावी अशी. आणि एकट्याने वाचून होत नाही म्हणून शॉपमध्ये गट करून एकत्र वाचा असं सुचवलं. त्यातनंच क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी मिळून सोडवणारे कामगारांचे गट, आली. म्हणजे ज्या क्वालिटी सर्कलचे फॉर्म आम्ही दर महिन्याला ऑडिटसाठी भरतो ती मुळात एकत्र वाचणारी माणसं होती.

दुसरी क्युबाची. हवानाच्या सिगार कारखान्यात १८६५ पासून कामगार तंबाखू वळत असताना एकजण उंच जागेवर बसून मोठ्याने वाचायचा, वर्तमानपत्र, कादंबऱ्या, आणि त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतनं वर्गणी काढून द्यायचे. सरकारने त्यावर बंदी पण घातली होती मध्ये, इतकं ते लागू पडलं होतं. आपल्याकडं मशीनच्या आवाजात ते जमणार नाही, कानात प्लग असतात, म्हणून कॅन्टीन.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले पुढच्या वेळी कामाचं काहीतरी घ्या, मी पण येतो.

२८ ऑगस्ट, बुधवार

कामाचं घेतलं. मोजमापाच्या एका इंग्रजी टेक्निकल पुस्तकातलं उष्णतेने जॉब (मशीनवर बनवायचा भाग) वाढतो यावरचं प्रकरण, चार पानं. डिप्लोमा ट्रेनी मुलीने इंग्रजीतून एकेक वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं, पोथीसारखंच.

आमच्या शॉपमध्ये गेले दोन वर्षं एक भांडण आहे. कास्ट आयर्नच्या हाउसिंगचं १०० एमएमचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच सेव्हन, म्हणजे शून्य ते प्लस ३५ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. ऑपरेटर मशीनवर बोअर गेज लावतो, ओके. तोच जॉब तासाभराने इन्स्पेक्शनला जातो, तिथं बोअर लहान, रिजेक्ट. ऑपरेटर म्हणतो तुमचं गेज खराब, इन्स्पेक्शन म्हणतं तुम्ही न मोजताच टाकता. यावरून दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. एक म्हणजे आमचे मामा आणि दुसऱ्या म्हणजे परवा वाचलेल्या ताई.

मुलीने वाचलं की जगभर लांबी मोजायची ती २० अंश सेल्सिअसला धरून. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, कास्ट आयर्न त्याहून थोडं कमी, अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट. मामांनी विचारलं, मग आपल्या बोअरला किती? तिने फळ्यावर मांडलं. नुकता कापलेला जॉब शॉपपेक्षा १५ अंश गरम असला, तर १०० एमएमला कास्ट आयर्नचं साधारण १६ मायक्रॉन. गरम असताना बोअर १६ ने मोठं दिसणार. मशीनवर प्लस १० दाखवलेला जॉब थंड झाला की मायनस ६. रिजेक्ट.

मामा उठून फळ्यापाशी गेले. आकड्यांकडे बघत राहिले. मग ताईंकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुझं बी बरोबर आणि माझं बी बरोबर." ताई म्हणाल्या, "मामा, दोन वर्षं झाली की ओ."

कुणी हसलं नाही, सगळ्यांना ते भांडण माहीत होतं.

आणि मग मामांनी जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. ते म्हणाले मी पहिला जॉब कधीच लगेच टाकत नाही, सकाळी आल्यावर स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, पंधरा मिनिटं मोकळा फिरवतो, माझ्या वस्तादाने शिकवलेलं, का ते त्याने सांगितलं नाही, पण थंड मशीनवर पहिले चार जॉब साईजला येत नाहीत हे मला माहीत आहे. आज कळलं, स्पिंडल पण वाढतोय. साहेब तिथंच होते. त्यांनी विचारलं हे बाकीच्या ऑपरेटरला कुणी सांगितलंय का. कुणीच सांगितलं नव्हतं. सात मशीनवर सात पद्धती.

अकरा पंचावन्नला चमचा वाजला. कुणी उठलं नाही, साहेबच म्हणाले पाच मिनिटं असू दे.

४ सप्टेंबर, बुधवार

मागच्या वाचनाचं पुढं काय झालं. हाउसिंगच्या मशीनपाशी एक रॅक ठेवला, कापलेला जॉब वीस मिनिटं तिथं, मग मोजायचा. मास्टर रिंग, म्हणजे गेज जुळवायची अचूक मापाची कडी, एसी रूममधनं आणून लगेच गेज झिरो करत होतो ते बंद, रिंग पण त्याच रॅकवर जॉबच्या शेजारी, म्हणजे दोघांचं तापमान सारखं होईल. सकाळी स्पिंडल वॉर्मअप सगळ्या मशीनवर, मामांनी स्वतः दोन पोरांना दाखवलं. वॉर्मअपचा कागद मामांनी सांगितला आणि ताईंनी लिहिला, आपल्या अक्षरात, तोच लॅमिनेट करून लावलाय. टाईप करून देतो म्हणलं तर मामा म्हणाले नको, असाच राहू दे.

रिजेक्शन किती कमी झालं ते महिनाभर बघून लिहीन, आत्ता आकडा टाकायची घाई नको. पण दोघं एका टेबलावर जेवतात.

११ सप्टेंबर

गणपती. निम्मे लोक रजेवर. वाचन नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

सेकंड शिफ्टची पोरं भेटायला आली, तीन जण. "आमचं काय? आमी काय वेगळ्या कंपनीत हाय व्हय?" शिफ्ट बदलून येते तेव्हा एक आठवडा त्यांना ऐकायला मिळतं आणि मग पुढचं निसटतं. संध्याकाळी साडेसातच्या जेवणाला त्यांचं वेगळं वाचन सुरू करायचं ठरलं, तेच पुस्तक, तीच पानं. दोन्ही गट कुठपर्यंत आले ते कपाटाच्या दाराला खडूने लिहायचं.

त्यांना कामाचं पुस्तक नको आहे. गोष्ट हवी. मला हे पण तितकंच महत्त्वाचं वाटतं, साहेबांना तसं सांगितलं, कारण २८ ऑगस्टनंतर ऑफिसमधून दर बुधवारी टेक्निकलच घ्या असा थोडा रेटा आहे. मी म्हणलं, त्या दिवशी मामा फळ्यापाशी उठून गेले ते आधी त्यांनी दोन आठवडे गोष्टीचा अर्थ सांगितला होता म्हणून. आणि ताई "दोन वर्षं झाली" एवढं सगळ्यांसमोर बोलल्या ते आधी दोन पानं वाचली होती म्हणून. गोष्ट काढून टाकली की परत कॉन्फरन्स रूम होईल. तीन बुधवार गोष्ट, एक बुधवार कामाचं, असं ठरलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, केंद्राने निर्णय घेतला. कॅन्टीनमध्ये टीव्हीवर बातमी होती. ग्राइंडिंगच्या काकांनी विचारलं म्हणजे नक्की काय, ट्रेनी मुलीने समजावून सांगितलं. काका म्हणाले, मग आता कपाटात एक ज्ञानेश्वरी पाहिजे, मी देतो. दुसऱ्या दिवशीची वाट न बघता संध्याकाळीच सायकलवरून घरी जाऊन घेऊन आले.

हाउसिंगचा आकडा. ऑगस्टमध्ये बोअर साईजमुळे ३१ रिजेक्ट होते, सप्टेंबरमध्ये ९. प्रॉडक्शन जवळपास तेवढंच. त्या ९ पैकी ४ टूल तुटल्याचे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मशीनपूजा. दरवर्षीसारखे झेंडूचे हार, आपट्याची पानं, प्रत्येकाने आपलं मशीन धुऊन पुसून. या वर्षी पेंट शॉपच्या पोरांनी निळ्या कपाटाला पण हार घातला, आणि वरच्या फळीवरच्या पुराच्या पुस्तकाला हळदकुंकू लावलं. हळद सांगलीचीच. कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी दसऱ्याला पाटीपूजन असायचं, पाटीवर सरस्वती काढायची, ती आठवण झाली.

कपाटात आता ४१ पुस्तकं आहेत. आज खिळ्यांवर १७ टोकनं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सातला आलो तर कपाटाच्या दारावर दोन ऐवजी तीन ओळी. फर्स्ट पान ५२, सेकंड पान ४८, आणि खाली वेगळ्या अक्षरात, थर्ड पान १९. थर्ड शिफ्टला मी काहीच सांगितलं नव्हतं, तिथं बारा माणसं असतात फक्त. कॅन्टीनवाल्या दादाला विचारलं. तो म्हणाला, पहाटे तीनच्या चहाला वाचतायत गेल्या आठवड्यापासून, मी पण ऐकतो.

त्यांना एक प्रत वेगळी लागेल, दिवसाची प्रत रात्री टोकनावर गेलेली असते. वर्गणीत ३१० शिल्लक आहेत. शनिवारी सांगलीत जाऊन आणायची. साबण पण संपलाय.

पुढच्या बुधवारी वाचणार: असेंब्लीतल्या नवीन ताई, पहिल्यांदाच. अर्थ: इन्स्पेक्शनच्या ताई. पान ५२ पासून.